धर्माचं काम आणि फुकटचं काम



दशलक्षण पर्व जवळ आलं, किंवा गावात पंचकल्याणक ठरलं, की आपल्यातल्या काही जणींचे फोन वाजायला लागतात. शिवणकाम करणारीला पताका आणि इंद्र-इंद्राणीचे पोशाख हवे असतात. डबे करणारीला तीनशे माणसांचा नाश्ता सांगितला जातो. घरी कॉम्प्युटरवर पत्रिका जुळवणारीला पत्रिका, मेंदी काढणारीला मेंदी, रांगोळीवालीला रांगोळी. दराचं विचारलं की पलीकडून ठरलेलं उत्तर येतं, ‘अहो ताई, धर्माचं काम आहे, त्याचे कसले पैसे?’

मला आज त्या ‘कसले पैसे’बद्दल लिहायचं आहे. छोटा धंदा करणारीकडून तिचं काम फुकट मागू नये आणि तिनंही ते संकोचापोटी देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. काही जणींना हे बोचेल. बोचलं तरी शेवटपर्यंत वाचा.

आधी हिशेब मांडू. बी.कॉम.ला शिकलेलं दुसरं काही नाही तरी जमाखर्च डोक्यातून जात नाही. समजा तीनशे माणसांचा नाश्ता आहे, चाळीस रुपये ताट. बिल झालं १२,००० रुपये. त्यात किराणा, दूध, तेल धरून ६,५००. गॅस ७००. मदतीला दोन बायका, प्रत्येकी ६०० म्हणजे १,२००. टेंपो ६००. एकूण खर्च ९,०००. तिच्या हातात राहतात ३,०००, तेही दोन दिवस राबल्याचे.

आता समितीवाले म्हणतात, ‘तुमचा नफा सोडा.’ पण प्रत्यक्षात मागतात ते नफा नव्हे, सगळंच. फुकट केलं तर तिच्या पदरचे ९,००० गेले, वर दोन दिवसांची कमाई गेली. ‘बरं, अर्ध्या दरात करा’ म्हणणारे स्वतःला उदार समजतात. अर्ध्या दरात तिला ६,००० मिळाले, खर्च ९,०००. म्हणजे तरीही ३,००० तिनं घरातून घातले. त्याच कार्यक्रमात ५,००१ रुपये देणाऱ्याचं नाव माइकवरून तीनदा घेतलं जातं. नऊ हजार घालणारीच्या वाट्याला पत्रिकेच्या तळाशी ‘सहकार्याबद्दल आभार’ येतं, तेही जागा उरली तर.

‘संस्थेकडे पैसे नाहीत’ हे दुसरं उत्तर. संस्थेकडे खरोखर पैसे नसतील तर मान्य आहे. पण मंडपवाला आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय खांब रोवत नाही. साउंडवाला, जनरेटरवाला, फ्लेक्सवाला, सगळ्यांची बिलं चुकती होतात. काही ठिकाणी हेलिकॉप्टरमधून पुष्पवृष्टी होते. त्या हेलिकॉप्टरवाल्याला कुणी म्हणतं का, ‘धर्माचं काम आहे, इंधन तुमच्याकडून घाला’? अभिषेकाच्या, कलशाच्या बोल्या लाखांत जातात. मग पैसे नसतात ते नेमके बाईच्या कामासाठीच कसे नसतात? कारण सरळ आहे. जे काम आपण घरात रोज बिनपैशाचं करतो, ते बाहेर केलं तरी त्याला किंमत असते हे अजून लोकांच्या गळी उतरलेलं नाही. शिवणं, रांधणं, सजवणं म्हणजे ‘घरबसल्या वेळ जातो तेवढंच’. तिच्या त्या वेळातून मुलाची फी आणि सासऱ्यांची औषधं निघतात, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

तिसरं उत्तर जाहिरातीचं. ‘एवढी माणसं जेवतील, तुमचं नाव होईल, पुढे ऑर्डरी मिळतील.’ मैत्रिणींनो, फुकट केलं की फुकटवाली म्हणून नाव होतं. पुढची ऑर्डरही मग ‘त्या वेळी तर तुम्ही घेतले नव्हते’ असं म्हणतच येते. आणि ऑर्डरीच्या आशेनं केलेल्या कामाला दान तरी कसं म्हणायचं? दान हवं की जाहिरात, हे मागणाऱ्यानंच आधी ठरवावं.

आता धर्माचं बोलू, कारण मुळात फोन धर्माच्या नावानं येतो. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात दानाचा विचार आहे. त्याचा भावार्थ असा, की स्वतःचं जे आहे ते उपकारासाठी सोडणं म्हणजे दान. यात ‘स्वतःचं’ आणि ‘सोडणं’ हे दोन्ही शब्द महत्त्वाचे. डबेवालीनं तिच्या मदतनीस बायकांची मजुरी थकवून, किराणावाल्याची उधारी वाढवून नाश्ता फुकट दिला तर त्यात तिचं स्वतःचं किती होतं? आणि चारचौघांत नाही म्हणता आलं नाही म्हणून दिलं, तर सोडलं कुठे? ते तिच्याकडून सुटलं, म्हणजे काढून घेतलं गेलं.

त्याच अध्यायात अणुव्रतं आहेत. अचौर्य म्हणजे न दिलेलं न घेणं. आपण ते कुलूप आणि तिजोरीपुरतं समजतो. पण ‘समाजात राहायचंय ना?’ असा सूर लावून एखादीचे दोन दिवस घेतले, तर ते दिलेलं झालं का? अहिंसेच्या अतिचारांत अतिभारारोपण सांगितलं आहे, झेपेल त्याहून जास्त ओझं लादणं. बैलाच्या पाठीवरचं ओझं आपल्याला दिसतं. पहाटे तीनला उठून एकटीनं तीनशे माणसांचं रांधणाऱ्या बाईच्या पाठीवरचं का दिसू नये? उत्तम त्यागाचा दिवस पर्वात आठवा असतो. तो दिवस दुसऱ्याकडून त्याग करवून घेण्याचा नाही.

‘मग आहारदानालाही बिल लावणार का?’ असं कुणीतरी म्हणणार, मला ठाऊक आहे. नाही. मुनिराजांसाठी चौका लावणं ही श्रावकाची स्वतःची, स्वतःच्या घरची, स्वेच्छेची गोष्ट आहे. तिथे दर नसतो आणि नसावाच. पण यात्रेकरूंचा, पाहुण्यांचा, बँडवाल्यांचा नाश्ता म्हणजे आहारदान नव्हे. ती कार्यक्रमाची व्यवस्था आहे, आणि व्यवस्थेचा खर्च व्यवस्था करणाऱ्यानं द्यायचा असतो. दोन्हींना एकच नाव देऊन आपण आहारदानाचीच किंमत कमी करतो.

कुणी कर्मवीर भाऊराव पाटलांच्या लक्ष्मीबाईंचं उदाहरण देईल. आपल्याच समाजातलं, आणि खरोखर मोठं. वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी त्यांनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा दिलं. पण नीट बघा. ती मुलं गरिबांची होती, वसतिगृह त्यांच्या स्वतःच्या संसाराचा भाग होतं, आणि दागिने त्यांचे होते. त्या मंगळसूत्राचा दाखला देऊन कुणाकडून कमानीच्या पताका फुकट शिवून घेऊ नयेत.

मला दुसरं एक उदाहरणही जवळचं वाटतं. १९५९ साली मुंबईत गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून लिज्जत उभं राहिलं. त्यांनी ते पैसे देणगी म्हणून घेतले नाहीत, उसने घेतले. देणगी मागायची नाही आणि कामाचं मोल घ्यायचं, या शिस्तीवर हजारो बायकांच्या घरात स्वतःची कमाई गेली. त्या बायकांना सुरुवातीलाच ‘चांगल्या कामासाठी पापड फुकट द्या’ म्हणणारे भेटले असते आणि त्यांनी ऐकलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

मग छोट्या धंद्यानं दान करूच नये का? जरूर करावं. दान श्रावकाच्या षट्कर्मांत आहे, ते सुटत नाही. फक्त त्याची रीत बदला. पूर्ण बिल करा, पूर्ण पैसे घ्या, मदतनिसांची मजुरी आणि उधारी चुकती करा, आणि मग उरलेल्यातून जमेल तेवढी रक्कम आपल्या नावानं द्या. पावती घ्या. यानं तीन गोष्टी होतात. दान किती हे तुम्ही ठरवता. संस्थेच्या वहीत कार्यक्रमाचा खरा खर्च दिसतो. नाहीतर पुढच्या वर्षीचं अंदाजपत्रक ‘नाश्ता : शून्य’ या खोट्या आकड्यावर उभं राहतं आणि पुन्हा कुणा एकीला शोधावं लागतं. शिवाय ज्या संस्थांना देणगीवरच्या करसवलतीची मान्यता आहे, तिथे सवलत पैशांच्या देणगीलाच मिळते, तीही जुनी करपद्धत घेतली असेल तरच, आणि दोन हजारांवरची रोख चालत नाही. वस्तू किंवा श्रम दिले तर कितीही दिले तरी त्याची सवलत नाही.

आणि काम म्हणूनच द्यायची इच्छा असेल तर तेही द्या, पण स्वतःहून, मागणीची वाट न बघता, आणि जिथे खरी नड आहे तिथे. वसतिगृहातल्या मुलीचा गणवेश फुकट शिवा. दवाखान्यात पडलेल्या गरीब माणसाच्या नातेवाइकाला डबा द्या. आहार, औषध, शास्त्र, अभय ही चार दानं सांगितली आहेत. मंडपाची झालर त्यात नाही.

समितीवर असलेल्या भगिनींना एकच विनंती. फोन करताना पहिलं वाक्य ‘तुमचा दर काय?’ असं असू द्या. सूट, देणगी याचा विषय समोरची काढेल, तुम्ही काढू नका. काम झाल्याच्या दिवशी पैसे द्या.

आणि काम करणाऱ्या भगिनींनो, पुढच्या वेळी फोन आला की भांडू नका, कारणंही सांगत बसू नका. ‘करते की. दरपत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते, निम्मे पैसे आगाऊ लागतील. माझी देणगी मी वेगळी देईन,’ एवढंच म्हणा. पहिल्या वेळी आवाज थोडा कापेल. दुसऱ्या वेळी कापणार नाही.

जय जिनेंद्र.