घाट न चढणारी गुणवत्ता

वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशाच्या बाजारात आज रेडिओलॉजीचा भाव सर्वांत चढा आहे. एकेकाळी गुणवत्ता यादीतील अग्रेसर विद्यार्थी मेडिसीन, शस्त्रक्रिया वा स्त्रीरोगशास्त्राकडे वळत. २०१३ च्या प्रवेशांसाठी नीट-पीजी ही देशव्यापी परीक्षा प्रथम झाली. तिच्यातील वरच्या क्रमांकांची पहिली पसंती आता बहुधा रेडिओलॉजीला असते. काही अभिमत विद्यापीठांत या जागेचे तीन वर्षांचे शुल्क कोटीच्या पुढे जाते. उलट २०२३ साली इतर विषयांच्या जागा रिक्त राहू नयेत म्हणून पात्रतेची मर्यादा शून्य पर्सेंटाइलवर आणण्याची पाळी केंद्र सरकारवर आली.

ही ओढ विद्यार्थ्यांच्या लोभातून निर्माण झालेली नाही. अमेरिकेत २०१० नंतरच्या काळात ती ओसरली होती; २०१६ साली संगणकतज्ज्ञ जेफ्री हिंटन यांनी रेडिओलॉजिस्ट घडविणे थांबवावे, यंत्रच ते काम करील, असे सांगितले. तरीही तेथे या जागांसाठी चढाओढ पुन्हा वाढली. खाजगी निदानकेंद्रांत गुंतलेले भांडवल जेथे परतावा देते तेथे गुणवत्ता धावते. दोष तरुणांचा नाही, व्यवस्थेचा आहे.

या व्यवस्थेचा अर्थ चिखलदऱ्यात कळतो. मेळघाटातील बालमृत्यूंचा प्रश्न १९९३ साली महाराष्ट्रापुढे आला. तेव्हापासून समित्या आल्या, उच्च न्यायालयात याचिका झाल्या. गर्भवतीची एक सोनोग्राफी चोविसाव्या आठवड्यापूर्वी व्हावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ ची शिफारस आहे. पण चिखलदऱ्याहून अमरावती सुमारे ८० किलोमीटर. दूरच्या ढाण्यावरील कोरकू स्त्रीने तज्ज्ञाकडे जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडवून घाट उतरायचा.

यावर दूरनिदानाचा उपाय सुचविला जातो. क्ष-किरणांचे चित्र शहरात बसून वाचता येईल, हे खरे. परंतु सोनोग्राफीत चित्र पाहणारा हातच चित्र घेत असतो. तो हात रुग्णाजवळ असावा लागतो. शिवाय लिंगनिदान रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ साली देशातील पहिला कायदा केला. १९९४ च्या केंद्रीय कायद्याने यंत्र, जागा व ते हाताळणारा यांवर बंधने घातली. ती आवश्यकच आहेत. मुलींच्या रक्षणासाठी केलेला कायदा आदिवासी मातेच्या उपेक्षेची सबब मात्र होऊ नये.

कायद्यातच मार्ग आहे. २०१४ च्या नियमांनुसार एमबीबीएस डॉक्टरला सहा महिन्यांचे सोनोग्राफी प्रशिक्षण देता येते. सेवेतील डॉक्टरांसाठी पदव्युत्तर जागा राखण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली मान्य केला. तेव्हा चिखलदरा व धारणी येथील शासकीय डॉक्टरांना हे प्रशिक्षण पगारी मिळावे. आणि सेवेतील डॉक्टरांच्या कोट्यातून रेडिओलॉजीची जागा घेणाऱ्याला आदिवासी तालुक्यातील सेवा बंधनकारक करावी, तीही निवासस्थान, यंत्र व दुरुस्तीची हमी देऊन.

राँटगेनने १८९५ साली लावलेल्या क्ष-किरणांच्या शोधाचे पेटंट घेतले नाही. शोध सर्वांचा ठरला; त्याची विद्या मात्र लिलावात निघाली. शासकीय महाविद्यालयातील प्रत्येक जागा जनतेच्या पैशातून उभी राहते. त्या पैशात कोरकू मजुराचाही वाटा आहे. तो वाटा मागणे ही याचना नव्हे, हक्काची वसुली आहे. मेळघाटातील कार्यकर्त्यांनी ही मागणी प्रत्येक ग्रामसभेच्या ठरावात आणावी.