उपग्रहाच्या चौकटीत गुंठ्यांची शेती

भूस्थानिक माहिती, म्हणजे पृथ्वीवरील नेमक्या ठिकाणाशी जोडलेली माहिती, आता लहान शेताच्या बांधापर्यंत पोचली असल्याने प्रस्तुत अंक तिच्या शेतीतील उपयोगाला वाहिलेला आहे. युरोपच्या सेंटिनेल-२ या २०१५ पासून कार्यरत उपग्रहमालिकेची विनामूल्य चित्रे जमीन १० मीटरच्या चौकटींत टिपतात; अशी एक चौकट १०० चौरस मीटरची, म्हणजे जवळजवळ एका गुंठ्याची असते आणि तिच्यातून परावर्तित होणाऱ्या तांबड्या व निकट-अवरक्त प्रकाशावरून पिकाच्या हिरवेपणाचा निर्देशांक काढता येतो. मात्र ऐन खरिपात ढग हे दृश्य झाकतात, तेव्हा ढगांआरपार पाहणाऱ्या रडारचा आधार घ्यावा लागतो. शिवाय सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक असेल, तर एकाच चौकटीत दोन्ही पिके मिसळतात आणि त्यांचा उलगडा करण्यासाठी शेतातली प्रत्यक्ष नोंद अपरिहार्य ठरते. महाराष्ट्रात २०२१ पासून शेतकरी स्वतः मोबाइलवर करत असलेली ई-पीक पाहणी म्हणूनच संशोधनालाही मोलाची ठरू शकते.

या अंकातील लेखांची निवड करताना संपादक मंडळाने तंत्राच्या नवलाईपेक्षा एका प्रश्नाला अधिक महत्त्व दिले आहे: ज्याच्या शेताची ही माहिती, त्याच्या हाती ती पाणी देण्याचा वा फवारणीचा निर्णय होण्यापूर्वी, त्याला कळेल अशा भाषेत पोचते का? शेतकरी, कृषी सहायक आणि संशोधक वाचकांनी आपले अनुभव, विशेषतः नकाशा आणि शेत यांचा मेळ न बसल्याचे, अवश्य कळवावेत.