वेष्टनातले सिनेमे

प्रभात रस्त्यालगतच्या आमच्या गल्लीत आणखी एक इमारत पुनर्विकासाला गेली. भाड्याच्या घरी निघालेल्या लोकांनी माळे रिकामे केले आणि फाटकाशी गाद्या, ट्रंका, शिलाई मशीनचे पाय, जुनी पंचांगं असा ढीग लागला. त्यात डीव्हीडींची खोकीही होती. भंगारवाला खोक्यांचा पुठ्ठा वजनावर न्यायला तयार होता, डीव्हीडी मात्र नको म्हणाला. मी थांबून बघायला लागले, तर घरातला मुलगा म्हणाला, "काकू, हव्या असतील तर घेऊन जा. बाबांच्या आहेत. आता सगळं मोबाईलवर असतं." निम्म्याहून अधिक डीव्हीडींचं प्लास्टिकचं वेष्टनही फाडलेलं नव्हतं. ते पाहून शेजारचे एक गृहस्थ बोलले, "बघायच्या नव्हत्या तर घेतल्या कशाला?"

आठवडाभर या प्रश्नाने माझी चिडचिड झाली आहे. पुण्यात घरोघरी पुस्तकांची कपाटं आहेत. त्यातली किती वाचून झाली, असं पाहुण्याने विचारलं तर तो उद्धटपणा ठरेल. अप्पा बळवंत चौकातून आणलेलं पुस्तक दहा वर्षांनी हातात घेणारा माणूस आपल्याला रसिक वाटतो. सिनेमा आणून ठेवणाऱ्याकडे मात्र लगेच हिशेब मागितला जातो.

ज्यांच्या या डीव्हीडी, त्यांना मी चांगली ओळखते. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म अर्काइव्हमध्ये आशय फिल्म क्लबचे खेळ असत, तिथे ते ऑफिसातून थेट, डब्याची पिशवी घेऊन यायचे. घटक, कुरोसावा, बर्गमन ही नावं मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली. तेव्हा एकदा पाहिलेला सिनेमा पुन्हा कधी दिसेल, याची खात्री नसे. प्रिंट कुठल्याशा वकिलातीकडून आलेली असायची आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला निघायची. असा प्रेक्षक दुकानात ‘सेव्हन समुराई’ची डीव्हीडी पाहील, तर ती घेतल्याशिवाय बाहेर पडणार नाही. आज रात्री बघायला वेळ आहे का, हा प्रश्न त्याला त्या क्षणी पडतच नाही. घरी नोकरी, आजारी आई, मुलांच्या परीक्षा असतात. सिनेमे निवृत्तीनंतरच्या निवांतपणासाठी कपाटात जातात.

ढीग वाढले त्याला बाजारही कारण झाला. २००७ मध्ये मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकायला सुरुवात केली. त्याआधी डीव्हीडीला काहीशे रुपये मोजावे लागत, त्यामुळे लोक एकदम पाच-सहा उचलू लागले. पुढे ही कंपनीच दिवाळखोरीत गेली. अमेरिकेत नेटफ्लिक्सने टपालाने डीव्हीडी पाठवण्याची सेवा सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली. सॅमसंगने ब्ल्यू-रे प्लेअर काढणं त्याआधीच थांबवलं होतं.

पण "सगळं मोबाईलवर असतं" हे खरं नाही. मोबाईलवर असतं ते कोणाच्या तरी कराराच्या मुदतीपुरतं. मुदत संपली की सिनेमा जातो, आणि तो गेल्याचं आपल्याला कोणी कळवत नाही. सिनेमा कायमचा हरवू शकतो, हे पुण्यात राहणाऱ्याला तर वेगळं सांगायची गरज पडू नये. जानेवारी २००३ मध्ये इथेच, फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात साठवलेल्या जुन्या नायट्रेट फिल्मना आग लागली आणि कितीतरी सिनेमे जळून गेले. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज ज्ञात नाही. फाळक्यांचा १९१९ चा ‘कालिया मर्दन’ आपण बघू शकतो, तो पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबाकडून मिळवलेल्या तुकड्यांमुळे. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या अर्काइव्हसाठी नायर यांनी अभिजात सिनेमा जमवला तसा गल्लाभरू सिनेमाही जमवला. पुढच्या पिढीला काय हवंसं वाटेल हे आज ठरवू नये, असं ते मानत. घरातल्या कपाटाला अर्काइव्ह म्हणण्याइतकी मी भाबडी नाही. पण जपून ठेवण्यामागची ओढ तीच आहे, आणि मला तिच्याबद्दल आदर आहे.

त्या खोक्यांच्या तळाशी मराठी व्हीसीडी निघाल्या, आणि त्यांच्याबद्दल मला खरं तर केव्हापासून लिहायचं होतं. मराठी सिनेमा घरी आणताना आपल्याकडे त्याची जी आबाळ झाली, ती आठवली की अजून वाईट वाटतं. एका व्हीसीडीत साधारण ७४ मिनिटं मावायची, म्हणून एका सिनेमाच्या दोन चकत्या. पहिली कुठे संपवावी याचा कोणी विचारच करत नसे. ऐन प्रसंगात, कधी गाण्याच्या कडव्यात ती थांबायची आणि कोणीतरी उठून दुसरी लावायचं. कोपऱ्यात कंपनीचं चिन्ह सिनेमाभर चिकटलेलं. प्रिंटचा रंग उडून सगळं गुलाबी झालेलं. चित्राची मापं ३५२ बाय २८८, त्यामुळे आजच्या मोठ्या टीव्हीवर चेहरे फिसकटतात. कव्हरवर नायक-नायिका ठसठशीत; पटकथा कोणाची, कॅमेरा कोणाचा, हे शोधूनही सापडू नये. आणि सबटायटल नाहीत! शिकागोतल्या किंवा सॅन होजेमधल्या नातवंडांसाठी आजी-आजोबा बॅगेत मराठी सिनेमे भरून नेत, पण मुलं दहा मिनिटांत उठून जात. त्या मुलांना दोष कसा द्यायचा?

उलट्या दिशेने येणाऱ्या डीव्हीडींचं दुखणं वेगळं. तिकडून मुलांनी हौसेने पाठवलेल्या डीव्हीडी असतात रीजन १ च्या, आपले प्लेअर रीजन ५ चे. पडद्यावर नकाराची एक ओळ येते आणि संच कपाटात जातो. काही प्लेअरवर रिमोटने सांकेतिक आकडे दाबले की हे बंधन सुटतं. गल्लीतल्या एका कॉलेजच्या मुलाने मला ते करून दिलं.

सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या आगीत होरपळल्या. तरीही त्यातलं वाचलेलं वेचून २०१५ मध्ये तिन्ही सिनेमे झळझळीत होऊन लोकांपुढे आले आणि नंतर त्यांचा देखणा संचही निघाला. मला तसा संच मराठीत हवा आहे. ‘सामना’, ‘जैत रे जैत’, ‘सिंहासन’, ‘उंबरठा’ हे जब्बार पटेलांचे चार सिनेमे एका डब्यात, स्वच्छ प्रतीत, चांगल्या इंग्रजी सबटायटलसह असावेत. सोबत पुस्तिका हवी. तेंडुलकरांच्या पटकथांविषयी आणि अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरून ‘सिंहासन’ कसा उभा राहिला याविषयी तिच्यात यावं. ‘सामना’तले डॉ. लागू आणि निळू फुले, दोघेही पुण्यात राहत. दोघांना एका खोलीत बसवून, समोर ‘सामना’ लावून, ते जे बोलतील ते ध्वनिमुद्रित करावं, असं फार वाटायचं. निळूभाऊ २००९ मध्ये गेले, डॉक्टर २०१९ मध्ये. सिनेमाबरोबर ऐकता येईल असं त्यांचं बोलणं मला एकाही मराठी डीव्हीडीवर आजवर सापडलेलं नाही. ही हळहळ जाणार नाही. पण त्या काळातले जे कलावंत आणि तंत्रज्ञ आज आपल्यात आहेत, त्यांच्यापुढे माईक ठेवायला कोणाची हरकत आहे?

ज्यांच्या इमारतीला पुनर्विकासाची नोटीस लागली आहे, त्यांनी माळा रिकामा करताना मराठी सिनेमे आणि नाटकं बाजूला काढावीत. वेष्टन असेल तर फाडून एकदा लावून बघावं, कारण पुण्याच्या पावसाळ्यात बंद डब्यातही बुरशी धरते. चकती मऊ कोरड्या कापडाने मधून कडेकडे पुसायची. गोल फिरवून पुसली तर चरे जास्त त्रास देतात. चालत असेल आणि तुम्हाला नको असेल, तर सिनेमाचं वेड असलेलं एखादं कॉलेजचं पोर गाठून त्याच्या हवाली करावी. प्लेअरचा ट्रे उघडत नाही म्हणून प्लेअर टाकू नका. बहुतेक वेळा आतला रबरी पट्टा सैल झालेला असतो. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत विचारलं तर तो मिळतो; जाताना जुना पट्टा सोबत न्या, म्हणजे मापाचा आणता येईल.