सिमोन सिन्योरे: चेहरा आणि लेखणी

सिमोन सिन्योरे या फ्रेंच अभिनेत्रीवर लिहिणाऱ्यांनी एक वाट फार मळवून ठेवली आहे. १९५२ सालच्या 'कास्क दॉर'मधील सोनेरी केसांची लावण्यवती आणि १९७७ सालच्या 'मादाम रोझा'मधील जिना चढताना धापा टाकणारी स्थूल वृद्धा, ही दोन चित्रे शेजारी ठेवायची आणि मधल्या पंचवीस वर्षांवर हळहळायचे. कोणी त्याला सौंदर्याचा त्याग म्हणतो, कोणी धैर्य. आम्हांस ही हळहळच अप्रस्तुत वाटते. १९६०चे ऑस्कर तिला मिळाले ते 'रूम ॲट द टॉप'मधील ॲलिससाठी, म्हणजे तरुण प्रियकराने महत्त्वाकांक्षेपायी सोडून दिलेल्या एका प्रौढ विवाहितेच्या भूमिकेसाठी. तेव्हा ती एकोणचाळीस वर्षांची होती. त्या भूमिकेतून वय वजा केले तर काही उरतच नाही. मग तिने गमावले ते नेमके काय?

साहित्याच्या अभ्यासकाला तिच्याकडे पाहण्याचे दुसरे कारण आहे. आपल्या आयुष्याचा वृत्तांत दुसऱ्याच्या हाती राहू नये, यासाठी ही बाई जन्मभर झगडली. आणि तो वृत्तांत स्वतः लिहिताना तिने आपल्याला गैरसोयीचे तेही वगळले नाही.

तिचा जन्म २५ मार्च १९२१चा, जर्मनीतील वीसबाडेनचा. वडील आंद्रे कामिनकेर हे पोलिश-ज्यू वंशाचे. ऱ्हाइनलँडमधील फ्रेंच सैन्यात ते अधिकारी होते. बालपण पॅरिसलगतच्या न्यूयी येथे गेले. १९४० साली फ्रान्स पडला, वडील लंडनला द गॉल यांच्याकडे गेले आणि आई व दोन धाकटे भाऊ यांचा भार या मुलीवर आला. तिला काम मिळाले ते कोठे? 'ले नूव्हो ताँ' या जर्मनधार्जिण्या दैनिकाच्या कचेरीत, ज्याँ ल्यूशेर या संपादकाची सेक्रेटरी म्हणून. संपादकाची मुलगी कोरीन ही तिची शाळेतील ओळखीची. काही महिन्यांनी, १९४१ साली, सिमोनने ती नोकरी सोडली. पुढे 'कॅफे द फ्लोर'मधील मंडळींत वावरत, कामाचा परवाना नसताना, ती चित्रपटांत किरकोळ कामे करू लागली. कामिनकेर हे नाव धोक्याचे होते, म्हणून आईचे माहेरचे नाव घेतले. ल्यूशेरला १९४६ साली देशद्रोहाबद्दल गोळ्या घालण्यात आल्या. एवढ्यावर कोणीही हे प्रकरण मिटवून टाकले असते. सिमोनने ते आत्मचरित्रात सविस्तर सांगितले आहे.

राजकारणातही तेच. इव्ह मोंताँ आणि ती दोघे कम्युनिस्ट पक्षाचे सभासद नव्हते, पण सहप्रवासी होते. १९५६ साली हंगेरीत रशियन रणगाडे शिरले असतानाही मोंताँचा ठरलेला रशिया दौरा त्यांनी रद्द केला नाही. त्यावर दोन्ही बाजूंनी झोड उठली. मॉस्कोत क्रुश्चेव्हसमोर बसून त्यांनी हंगेरीविषयी प्रश्न विचारले, हे खरे. दौरा केला, हेही खरे. १९७० साली कोस्ता-गाव्रासच्या 'लाव्हू'मध्ये तिने प्रागच्या खटल्यातील आरोपी आर्तुर लंडन यांच्या पत्नीची भूमिका केली. पक्षावरील श्रद्धेपायी नवऱ्याचा जाहीर धिक्कार करणारी ती स्त्री. आमच्या मते तिच्या उत्तम कामांत हे मोडते, जरी त्याची चर्चा 'मादाम रोझा'च्या मानाने फारच थोडी होते. श्रद्धाळू माणसाला मूर्ख न ठरवता त्याची श्रद्धा दाखवणे अवघड असते. तिला ते आतून ठाऊक असावे.

मोंताँ आणि मेरिलिन मन्रो यांच्या १९६०मधील प्रकरणाने वृत्तपत्रांना हवी होती ती रडणारी पत्नी. ती त्यांना मिळाली नाही. पुढे मन्रोविषयी सिमोनने जे लिहिले त्यात आकस नाही, आणि औदार्याचा देखावाही नाही.

हे सारे ज्यात आले ते आत्मचरित्र सत्तरच्या दशकाच्या मध्यात निघाले. लेखक मोरिस पोन्स यांच्याशी झालेल्या ध्वनिमुद्रित संभाषणांतून त्याची सुरुवात झाली, पण तो मजकूर तिला पटेना. तिने तो स्वतः नव्याने लिहिला. मराठी वाचकाला येथे 'सांगत्ये ऐका'ची आठवण होणे स्वाभाविक आहे. हंसा वाडकरांनी सांगितले, अरुण साधूंनी शब्दांकन केले, आणि त्या 'सांगण्या'तच त्या पुस्तकाचे बळ आहे. सिमोनला मात्र सांगणे पुरेसे वाटले नाही. पुस्तक अफाट खपले आणि अपेक्षेप्रमाणे प्रवाद उठला की, नटीने एवढे चांगले लिहिणे शक्यच नाही, ते दुसऱ्याचे असणार. तिने खटला भरला आणि जिंकला. नटीला चेहरा असावा, वाक्य असू नये, हा समज फ्रान्ससारख्या पुस्तकवेड्या देशातही किती घट्ट होता! आणि 'सुंदर चेहरा कसा उतरला' असे हळहळणारे आजचे लेख त्याच समजाचे वारस आहेत, असे आम्ही म्हटले तर ते फार कठोर होईल काय?

'मादाम रोझा'कडे आता परत पाहावे. एमिल आजार या टोपणनावाने रोमँ गारी यांनी लिहिलेल्या कादंबरीवरचा हा चित्रपट. ऑश्वित्झमधून वाचलेली, एकेकाळी वेश्या असलेली ज्यू बाई बेलव्हिलमध्ये वेश्यांची मुले सांभाळते, आणि दारावरची घंटा वाजली की अजूनही दचकते. कामिनकेर हे नाव लपवून चार वर्षे पॅरिसमध्ये राहिलेल्या मुलीला ती घंटा अपरिचित नव्हती. या भूमिकेसाठी तिला सेझार पुरस्कार मिळाला. लठ्ठपणा आणि सुरकुत्या यांपलीकडे त्यात पाहण्यासारखे जे आहे, ते हे दचकणे.

अखेरच्या वर्षांत तिची दृष्टी जवळजवळ गेली होती. ३० सप्टेंबर १९८५ रोजी ती वारली. त्याच वर्षी तिची एकमेव कादंबरी 'आदिय व्होलोदिया' प्रसिद्ध झाली होती: पोलंड आणि युक्रेनमधून पॅरिसला आलेल्या ज्यू कुटुंबांची, त्यांच्या शिवणयंत्रांची आणि त्यांच्यातल्या काहींच्या नाहीसे होण्याची गोष्ट. मुखपृष्ठावर आईचे नाव आहे. आत सगळी वडिलांकडची माणसे.