काठावर पास

जिंतूर तालुक्यातल्या बोरीसारख्या गावात दहावीचा निकाल लागला की काठावर पास झालेल्या पोराला दोन प्रकारची माणसं भेटतात. एक हसून म्हणतं, ‘सुटलास बाबा कसाबसा!’ दुसरं विचारतं, ‘रानातली कामं उरकून अभ्यास कधी केलास रे?’ फुटबॉल प्रशिक्षक खालिद जमील यांच्या वाट्याला बहुतेक पहिल्या प्रकारचेच परीक्षक आले.

जन्म कुवेतचा, पण खेळाडू म्हणून कारकीर्द मुंबईतली. महिंद्र युनायटेड, एअर इंडिया आणि शेवटी मुंबई एफसी. मधल्या फळीत खेळायचे, भारताकडूनही खेळले. पण दुखापतींनी पाठ सोडली नाही. 2009 मध्ये त्यांनी खेळणं थांबवलं आणि मुंबई एफसीचेच प्रशिक्षक झाले. पुढची सात वर्षं आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेत या संघाचं एकच काम होतं, खालच्या विभागात घसरायचं नाही. पैसा बेताचा. मुंबईच्या कूपरेज मैदानाचं काम निघाल्यामुळे ‘घरचे’ सामने काही हंगाम पुण्याच्या बालेवाडीत! संघ दर वर्षी धापा टाकत खेळायचा आणि दर वर्षी वाचायचा.

यावर टीकाकारांचं म्हणणं ठरलेलं. हा माणूस गोलासमोर भिंत उभी करतो, पोरांना लांब चेंडू मारायला लावतो, सामना बरोबरीत सुटला तरी खूश असतो. अशा फुटबॉलने कुणी चॅम्पियन होत नाही. आणि तळाशी टिकणं ही काय कामगिरी झाली?

यातला पहिला भाग खरा आहे. जमील यांच्या संघांचे सामने डोळ्यांना सुखावणारे असतात, असं त्यांचा चाहताही शपथेवर सांगणार नाही. पण शेवटचा प्रश्न ज्याने विचारला, त्याने कोरडवाहू शेती जवळून पाहिलेली नाही. परभणी जिल्ह्यात दुबार पेरणी करूनही हाती काही न लागलेल्या वर्षी ज्याच्या दावणीची बैलजोडी बाजारात गेली नाही, त्याला गावात कुणी नापास म्हणत नाही. पीक किती आलं हे विचारण्याआधी पाऊस किती झाला हे विचारतात. फुटबॉलमध्ये मात्र पावसाचा आकडा न पाहताच उतारा काढायची पद्धत आहे.

स्कॉटलंडमध्ये हा हिशेब जुना आहे. ॲलेक्स फर्ग्युसन यांनी 1974 मध्ये ईस्ट स्टर्लिंगशायर या तळाच्या क्लबची सूत्रं हाती घेतली, तेव्हा संघात जेमतेम आठ खेळाडू होते आणि गोलरक्षक एकही नव्हता. तिथून ते सेंट मिरेनला गेले, 1978 मध्ये तिथून त्यांना काढून टाकण्यात आलं. त्यांची पुढची मँचेस्टर युनायटेडची कहाणी सगळे सांगतात, ही आठ खेळाडूंची कहाणी फारसं कुणी सांगत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मोठ्या क्लबात जमील टिकत नाहीत. ईस्ट बंगालमध्ये एक हंगाम, मोहन बागानमध्ये 2019 मध्ये तर अर्धाच. नॉर्थईस्ट युनायटेडने जानेवारी 2021 मध्ये तात्पुरती जबाबदारी दिली, तेव्हा रखडलेला संघ त्यांनी आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग) उपांत्य फेरीत नेला. तिथवर संघ नेणारे ते पहिले भारतीय प्रशिक्षक. पण पुढच्या पूर्ण हंगामात तोच संघ अकरा संघांत दहावा आला. हे लपवून मंडन करण्यात अर्थ नाही.

मात्र हा आक्षेप घेणारे जमशेदपूरपाशी आले की घाईत पुढे सरकतात. डिसेंबर 2023 च्या अखेरीस जमील तिथे गेले. 2024-25 मध्ये संघ पाचवा आला आणि उपांत्य फेरीत पहिल्या सामन्यात त्याने मोहन बागानला 2-1 असं हरवलं. परतीचा सामना कोलकात्यात भरपाईच्या वेळेतल्या गोलने गेला. त्याच मोसमात सुपर कपची अंतिम फेरीही गाठली. तिथे एफसी गोवाने 3-0 असं धुतलं. लागोपाठ दोन वर्षं भारतीय फुटबॉल महासंघाचा सर्वोत्तम प्रशिक्षकाचा पुरस्कार त्यांना मिळाला, तो काही सहानुभूतीपोटी नव्हे.

ऑगस्ट 2025 मध्ये ते भारताचे प्रशिक्षक झाले. 2012 मध्ये सावियो मेडेरा गेल्यानंतर या खुर्चीवर बसलेले हे पहिलेच भारतीय. लगेच कुजबुज सुरू झाली की परदेशी माणूस परवडला नाही म्हणून देशी आणला. संघाने पहिल्याच सामन्यात ताजिकिस्तानला त्यांच्याच भूमीवर 2-1 असं हरवलं आणि मध्य आशियाई देशांच्या काफा नेशन्स कपमध्ये ओमानला पेनल्टींवर नमवून तिसरा क्रमांक घेतला. मग ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून 1-2 अशी हार झाली, आशिया चषकाचं दार बंद झालं आणि नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशनेही हरवलं. टीकाकारांना आयतं कोलीत मिळालं.

पराभव जमील यांच्या खात्यावर लिहावेत, जरूर लिहावेत. पण आशिया चषकाच्या त्याच पात्रता फेरीत आधीचे स्पॅनिश प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांच्या हाताखाली भारताने दोन सामन्यांत एकच गुण मिळवला होता. बांगलादेशशी घरच्या मैदानावर गोलशून्य बरोबरी, हाँगकाँगकडून हार. घर आधीच गळत होतं. नव्या भाडेकरूला पहिल्याच पावसात कौलांचा जाब विचारला गेला.

आता राहिला तो ‘अशा फुटबॉलने कुणी चॅम्पियन होत नाही’ हा मुद्दा. त्यासाठी 2016-17 चा आय-लीगचा गुणतक्ता समोर ठेवावा.

त्या हंगामाआधी मुंबई एफसी आणि जमील यांची वाट वेगळी झाली. ते मिझोरामला, आयझॉल एफसीकडे गेले. हा संघ आदल्या वर्षी खाली घसरलेला. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून पुन्हा आत आलेला. मुंबईत त्यांच्या हाताखाली खेळलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता तिथे त्यांच्यासोबत होते. डावपेच तेच, आधी दार लावून घ्यायचं, मग खिडकीतून हात घालायचा. 22 एप्रिल 2017 ला मोहन बागानविरुद्ध 83व्या मिनिटाला झोमिंगलियाना राल्तेने डोक्याने गोल केला, 1-0. आठ दिवसांनी शिलाँगमध्ये तिथल्या लाजाँग संघाने सुरुवातीलाच आघाडी घेतली. आयझॉलने उत्तरार्धात बरोबरी साधली. टिंगल व्हायची ती हीच बरोबरी. त्या दिवशी तेवढ्या एका गुणाचीच गरज होती. आयझॉल 37, मोहन बागान 36. ईशान्य भारतात पहिल्यांदाच आय-लीगचं विजेतेपद गेलं.

तक्त्यात एकूण दहा संघ होते. मुंबई एफसी दहावी आली आणि खालच्या विभागात गेली.