सेवाशुल्क की सक्ती?

पणजीतील एका उंची उपाहारगृहात आम्हांस नुकताच आलेला अनुभव उद्बोधक आहे. भोजन रुचकर, वाढपी अदबशीर. मात्र बिलात दहा टक्के सेवाशुल्क परस्पर जोडलेले. ते वगळण्यास सांगताच व्यवस्थापकांचे सौजन्य मावळले. वास्तविक, असे शुल्क आपोआप आकारू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी बजावले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ते उचलून धरले. तरीही पाहुण्यांसमोर वाद नको म्हणून बहुतेक जण मुकाट्याने पैसे देतात. ग्राहकाच्या या भिडेवरच हा व्यवहार चालतो. बक्षिसी खुशीची असते. नोकरांचे वेतन ही मालकाची जबाबदारी होय. ग्राहकांनी संकोच सोडून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. आतिथ्याबद्दल ख्यातकीर्त असलेल्या गोव्याला ही सक्ती शोभत नाही.