गिअरचं तेल आणि चार हजार आठशेचा कागद

आंब्याचा हंगाम उतरला की आमच्या घरी गाडीची आठवण होते. दोन महिने पेट्या, पाहुणे, कोल्हापूरच्या फेऱ्या असं सगळं तिने निमूट ओढलेलं असतं. यंदा आमच्या ह्यांना सुट्टी नव्हती, म्हणून सर्व्हिसिंगला मीच घेऊन गेले. तिथल्या मुलाने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि कागदावर लिहून दिलं, ‘गिअरबॉक्स ऑईल, फ्लशिंगसह, ४८०० रुपये’. मी विचारलं, हे नक्की काय करणार? तर म्हणाला, “मॅडम, तुम्ही साहेबांना फोन लावून द्या ना, त्यांना समजेल.”

झालं! अहो, मी बी. ए. मराठी घेऊन केलं असेल, पण वीस वर्षं घरातलं तेल मोजतेय. दिवाळीला कढईत किती ओतलं आणि तळण झाल्यावर किती उरलं, हे न बघता सांगेन. सही न करता गाडी घेऊन परत आले.

घरी आल्यावर पहिल्यांदा गाडीची पुस्तिका काढली. विम्याच्या कागदांखाली होती, प्लास्टिकची पिशवीसुद्धा फोडलेली नव्हती. मैत्रिणींनो, तुमच्याकडेही ती तशीच असेल, पैजेवर सांगते. त्यात सरळ लिहिलेलं असतं की कुठलं तेल, किती लिटर आणि किती किलोमीटरनंतर. आमच्या हाताने गिअर टाकायच्या छोट्या गाडीला लागतं २.२ लिटर. तेलाचा प्रकार ७५डब्ल्यू-८०. हे इंजिनाचं तेल नव्हे बरं का. इंजिनाचं दरवर्षी बदलतो, गिअरचं बऱ्याच वर्षांनी, म्हणूनच ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

पुस्तिका घेऊन मिरजोळ्याकडच्या एका जुन्या मेकॅनिककाकांकडे गेले. त्यांनी गाडी थोडी फिरवून तेल गरम केलं, खालचा नट सोडला आणि काळं तेल परातीसारख्या भांड्यात काढलं. मग वरून नवीन तेल भरलं, बाजूच्या भोकातून ओघळायला लागेपर्यंत. पातळी मोजायची हीच रीत. “आणि ते फ्लशिंग?” मी विचारलं. “ताई, साध्या गिअरला कसलं फ्लशिंग? जुनं काढायचं, नवं भरायचं.” तीन बाटल्या, ४५० रुपयांप्रमाणे १३५०. मजुरी ३५०. नटाखालचा वॉशर ४० रुपये. एकूण १७४०. वर तिसऱ्या बाटलीत उरलेलं पाऊण लिटरभर तेल काकांनी माझ्या हातात दिलं. आता मला सांगा, इतकी वर्षं आमच्या बिलात तीन-तीन लिटर लागायचे, तर हे उरलेलं जायचं कुठे?

पण खर्च जास्त सांगतात म्हणून काम टाळायचं, हेही चूकच. आमच्या बचत गटातल्या एकीच्या घरी टेम्पो आहे. कोकम, आमसुलं, फणसपोळी त्यातूनच जातात. अंगणातल्या लादीवर तेलाचे डाग पडायचे, ती रोज पुसायची. नवऱ्याला म्हणालीसुद्धा. “तुला काय कळतंय त्यातलं,” एवढंच उत्तर. आंबा घाटात चढणीवर गिअर घरघरायला लागला आणि एके दिवशी अडकलाच. सील गळत होतं, आतलं तेल संपत आलेलं. गिअरबॉक्स उघडावा लागला, खर्च तीस हजारांच्या घरात गेला. गटाचे दोन हप्ते चुकले आणि तिला सगळ्यांसमोर मान खाली घालावी लागली. डाग तिने पाहिला होता, याचंच मला जास्त वाईट वाटतं.

आपल्या कोकणात हे तेल सपाटीपेक्षा लवकर थकतं. घाटात सतत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चढायचं, आणि वर पाऊस. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते आपण पाहिलंय. पाणी गिअरबॉक्सात गेलं की तेल ताकासारखं पांढुरकं होतं. अशी गाडी सुरू होतेय म्हणून तशीच चालवली तर आतले दाते आणि बेअरिंग खराब होतात. तिथे किलोमीटर बघत बसायचं नसतं, तेल बदलायचंच.

आता ऑटोमॅटिकवाल्या मैत्रिणींसाठी. हल्ली पुष्कळ जणी क्लच नको म्हणून ती गाडी घेतात. पण सगळ्या ऑटोमॅटिक सारख्या नसतात. २०१४ साली सेलेरिओबरोबर आपल्याकडे जी स्वस्तातली ‘एएमटी’ आली, तिच्यात गिअरबॉक्स साधाच असतो, फक्त गिअर बदलण्याचं काम यंत्र करतं. त्यामुळे तेलाचा खर्चही साध्या गाडीजवळचाच. खरी ऑटोमॅटिक आणि सीव्हीटी यांना मात्र खास तेल लागतं, तेही जास्त आणि महाग. तिथे काही हजार होतात आणि ते रास्तही असतात. तिथे भलतं तेल घातलं तर गिअरबॉक्सच जायचा. “ऑटोमॅटिक आहे ना, मग आठ हजार” असं कुणी म्हणालं, तर आधी कुठली ऑटोमॅटिक ते विचारा. काही ठिकाणी “हे तेल आयुष्यभर बदलावं लागत नाही” असंही सांगतात. कुणाचं आयुष्य, गाडीचं की वॉरंटीचं?

बिलाचं बोलायला हवं. “बिल नको असेल तर दोनशे कमी करतो,” हे वाक्य मारुती मंदिरापासून जयस्तंभापर्यंत कुठेही ऐकायला मिळेल, आणि आपण खूशही होतो. पण काम बिघडलं तर हातात काय? २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. १९१५ या क्रमांकावर तक्रार सांगता येते. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा ग्राहकाच्या हाती यातलं काहीच नव्हतं. आज आहे, तर कागद मागायला का लाजायचं? बिलावर तेलाचं नाव, लिटर आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. जुनं तेल दाखवायला सांगा. दाखवतात, नाही म्हणत नाहीत.

आणि ते जुनं तेल गटारात ओतू देऊ नका. आपल्याकडे वाळवी लागू नये म्हणून वाशांना ते फासायची सवय आहे, पण उरलेलं विहिरीच्या कडेला पडतं, त्याचं काय? जळकं तेल हा कायद्याने घातक कचरा आहे. मेकॅनिककाकांकडे त्यासाठी पिंप होतं, भरलं की गोळा करणारा येऊन नेतो म्हणाले.

त्या पाऊण लिटरच्या बाटलीवर मी तारीख आणि किलोमीटर लिहून ती लोणच्याच्या बरण्यांपासून लांब, वरच्या फळीवर ठेवलीय. काल लांज्याहून वन्संचा फोन आला होता. “वहिनी, आमच्या गाडीला तीन हजार सांगतायत, देऊ का?” म्हटलं, आधी पुस्तिका शोध. ती अजून शोधतेय.